चौकटीवरच्या खुणा

सरोजिनीनगरातल्या आमच्या सरकारी बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या दाराची चौकट राखी रंगाची होती, आणि तिच्या डाव्या उभ्या बाजूवर आम्हां तिघा भावंडांच्या उंचीच्या नोंदी असत. दर पाडव्याला, गुढी उभी राहिली आणि कडुलिंबाचा पाला तोंड वाकडे करून गिळला, की वडील आम्हांला एकेक करून चौकटीला पाठ टेकवून उभे करीत, डोक्यावर फूटपट्टी आडवी ठेवीत आणि पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी आद्याक्षर व सन घालीत. ते डाक-तार खात्याच्या लेखाशाखेत होते. नोंद म्हटली की तिच्याखाली सही हवी, अशी त्यांची समजूत असल्यामुळे की काय न कळे, एखाद्या रेघेखाली त्यांची इवलीशी सहीही सापडे. १९७५ साली बदलीचा हुकूम आला. ट्रंकांवर नावे रंगविली गेली, बिछाने वळले गेले, आणि निघताना आईने त्या चौकटीवरून एकदा हात फिरविला. पाच वर्षांनी दैवाने पुन्हा दिल्लीत आणून टाकले, तेव्हा जुन्या बिऱ्हाडात सहज डोकावलो. चौकटीला नवा रंग लागला होता आणि त्यावर दुसऱ्याच कोणाच्या मुलांच्या खुणा होत्या. पुढे २०१६ साली त्या वसाहतीच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आणि जुनी घरे पडू लागली. चौकटीचा प्रश्न तिथेच मिटला.

या खुणांची मला इतक्या वर्षांनी आठवण झाली ती दवाखान्यात बसलो असताना. दरवर्षी रक्त तपासून घेण्याचा माझा परिपाठ आहे. तपासणीच्या पुस्तिकेत ओळीने दहा वर्षे एकच शब्द लिहिलेला होता, ‘सामान्य’. अकराव्या वर्षी त्या जागी ‘मधुमेह’ असा शब्द आला. एका रात्रीत मी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलो. घरी येऊन पुस्तिका पुन्हा उघडली, तेव्हा ध्यानात आले की प्रत्येक ‘सामान्य’च्या शेजारी बारीक अक्षरात एक आकडाही होता, आणि तो आकडा दरसाल थोडाथोडा वर चढत होता. घाटात बस चढते तसा. उतारूला झोप लागलेली असते एवढेच. दहा वर्षे मी शब्द वाचत होतो, आकडा वाचलाच नव्हता. यात दवाखान्याचा काही अपराध नव्हता. लाज मला वाटली ती निराळ्या कारणाने: सारी नोकरी आरोग्याच्या आकडेवारीत घालवून, आणि हाताखालच्या मुलांना ‘एका ओळीने वाचू नका, माणसाची सगळी ओळ वाचा’ असे बजावून, स्वतःची ओळ मात्र मी वाचली नव्हती.

त्या शब्दाखालची रेघ तरी कुठे अचल असते! उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये साखर १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक भरली, की मधुमेह म्हणावयाचे. पण ही मर्यादा १९९७ पूर्वी १४० होती. अमेरिकेतील तज्ज्ञांनी ती त्या वर्षी खाली आणली, लौकरच जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली, आणि रात्री निरोगी म्हणून झोपलेली कितीतरी माणसे सकाळी रोगी म्हणून उठली. रक्त तेच होते. मी हे कुरबुरीने सांगत नाही. कुठेतरी रेघ ओढल्यावाचून औषध केव्हा द्यावे हे कोणालाच ठरविता येणार नाही. परंतु रेघ ओढली की अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन कप्पे होतात, आणि कप्पे झाले की माणूस आकडे विसरतो.

आता माझ्या व्यवसायातील एक जुने दुखणे सांगतो. एकाच माणसाला पुनःपुन्हा पाहून प्रत्येक वेळी त्याला कोणत्या ना कोणत्या कप्प्यात टाकले, तर त्या नोंदींचा हिशेब कसा करावयाचा? नवख्याला वाटते, यात अवघड ते काय? शंभर मुले, प्रत्येकाच्या पाच तपासण्या, म्हणजे पाचशे नोंदी झाल्या. द्या टक्केवारी काढून! पण एका मुलाच्या पाच नोंदी म्हणजे पाच मुले नव्हेत. आमच्या चौकटीवर माझ्या सात रेघा होत्या म्हणून त्या घरात मी सात झालो नव्हतो. ज्याला काल अशक्त म्हटले त्याला आज अशक्त म्हणण्याचा संभव अधिक, कारण शरीर तेच, स्वयंपाकघर तेच, बापाचा पगार तोच. हे नाते विसरून पाचशे स्वतंत्र साक्षी आहेत असे मानले, की आपल्याला नसलेली खात्री वाटू लागते. आणि कचेरीत नसलेल्या खात्रीइतकी घातक वस्तू दुसरी नाही.

याचे एक प्रसिद्ध उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहे. इंग्लंडच्या सरकारी शस्त्रास्त्र-कारखान्यांत काम करणाऱ्या, तीस ते एकोणचाळीस वयाच्या ७,४७७ स्त्रियांची दृष्टी तपासली गेली होती; उजवा डोळा निराळा, डावा निराळा, आणि प्रत्येक डोळ्याला चारांपैकी एक प्रत. डोळे मोजले तर १४,९५४ भरतात; पण दोन डोळे ही दोन माणसे नव्हेत. उजव्या आणि डाव्या डोळ्यांच्या प्रतींची विभागणी सारखी आहे की नाही, हे त्या जोडीचे नाते न तोडता कसे तपासावे, याची एक रीत ॲलन स्टुअर्ट यांनी १९५५ साली दिली. त्याआधी १९४७ मध्ये क्विन मॅकनेमार या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दोनच कप्पे असताना काय करावे ते सांगितले होते. आणि १९६६ साली याच प्रश्नावरची एक अधिक तीक्ष्ण कसोटी ज्यांच्या नावाने आज जगभर ओळखली जाते ते व्ही. पी. भापकर हे पुणे विद्यापीठात शिकविणारे, पुढे अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात गेलेले. परमुलखात बसून संगणकाच्या पडद्यावर ‘भापकर’ हा शब्द उमटलेला पाहिला, की मला अजूनही उगीचच आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखे होते. असो.

मॅकनेमारची युक्ती मोठी मार्मिक आहे. समजा, एखाद्या अंगणवाडीत शंभर मुले आहेत. चैत्रात वजने केली तेव्हा तीस मुले कमी वजनाची निघाली. आश्विनात पुन्हा केली, पुन्हा तीसच. अहवाल लिहिणारा लिहितो, ‘स्थिती पूर्ववत्’. पण दोन्ही वेळच्या नोंदी मुलामुलाला जोडून पाहिल्या, तर कळते की आधीच्या तिसांपैकी बारा मुले सुधारली, आणि पूर्वी धडधाकट असलेली बारा घसरली. मॅकनेमार म्हणतो, जी मुले होती तिथेच राहिली त्यांना विचारू नका, बदल झाला की नाही हे फक्त कप्पा बदललेल्यांनाच विचारा. आणि ही चोवीस मुले काय सांगतात? बारा इकडून तिकडे, बारा तिकडून इकडे. म्हणून कसोटीचाही निकाल तोच लागतो: प्रमाणात बदल नाही.

मी तरुणपणी हा निकाल कागदावर लिहिला की पेन खाली ठेवीत असे. प्रश्नाचे उत्तर बरोबर होते. परंतु प्रश्न कोणाचा होता? मंत्रालयाचा. मंत्रालयाला हे हवे असते की शंभरांत किती, आणि तो आकडा वाढला की घटला. त्यावरून धान्य किती पाठवायचे ते ठरते; तो प्रश्न क्षुद्र नव्हे. पण घसरलेल्या बारा मुलांच्या आयांना ‘प्रमाणात बदल नाही’ हे उत्तर देऊन पाहा! आईचा प्रश्न निराळा असतो: माझा होता तिथून कुठे चालला आहे? पुढे १९८६ साली लियांग आणि झेगर या दोघांनी जी रीत दिली, आणि जी आज सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात हरघडी वापरली जाते, ती पहिल्या प्रश्नासाठी आहे. एकाच माणसाच्या नोंदींत नाते आहे एवढे मान्य करावे. ते नेमके कसे आहे याचा आपला अंदाज थोडा चुकला तरी समूहाचे सरासरी उत्तर ढळत नाही आणि त्याबद्दलची अनिश्चितताही प्रामाणिकपणे मांडता येते, हे तिचे मोठेपण. दुसऱ्या जातीच्या रीती प्रत्येक माणसाला त्याचा त्याचा एक जन्मजात कल आहे असे धरून चालतात आणि त्या माणसाच्या वाटेविषयी बोलतात. एकच माहिती दोन्ही रीतींत घातली तर होय-नाही अशा नोंदींत आकडे वेगवेगळे येतात. नवी मुले घाबरून विचारतात, ‘सर, यांतले खरे कोणते?’ दोन्ही खरी. एक मंत्रालयाला पाठवायचे, दुसरे आईला सांगायचे.

हा भेद आपल्याच एका माणसाने मोठ्या आवाजात मांडला होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेले. १९४०-५० च्या दशकात दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत, आणि १९५१ पासून रोमला अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. १९७१ साली दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दरडोई दररोज २,२५० कॅलरींचा मापदंड धरला होता. सुखात्मे यांनी हरकत घेतली की एकच निरोगी माणूस या आठवड्यात कमी खातो, पुढच्या आठवड्यात जास्त. त्याचे शरीर काही मर्यादेत ते सावरून घेते. तेव्हा एका दिवशी सरासरीच्या खाली सापडला म्हणून त्याला उपाशी ठरवू नका. रेघ बरीच खाली आणा. त्या हिशेबाने देशातील उपाशी माणसांची संख्या एकदम घटत होती, आणि म्हणून वाद पेटला. दांडेकरांनी, आणि इतरही अनेकांनी, त्यांना कडाडून विरोध केला. दोन मराठी पंडित, दोघेही पुण्यात, आणि भांडण साऱ्या देशाच्या भुकेचे! माझे मत विचाराल तर सुखात्मे यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. एका माणसाला एकदाच पाहून त्याच्या कपाळी शब्द लिहू नये. उत्तराविषयी मात्र माझे मन दांडेकरांकडे झुकते. कमी खाऊन जो सावरून घेतो तो पुष्कळदा काम कमी करून, खेळणे कमी करून सावरतो. त्याला सावरणे म्हणावे की आक्रसणे?

या सगळ्या विचारात असताना मी दक्षिण दिल्लीतील एका जुन्या अभ्यासाचे कागद पुन्हा काढले. व्यवसायामुळे ते पूर्वी वाचले होते. पण रोगी म्हणून वाचणे निराळे. डिसेंबर १९६९ पासून तीन वर्षे, लाजपतनगरच्या आसपासच्या बारा चौरस किलोमीटर परिसरात, घरोघर जाऊन एक मोठी नोंद केली गेली. वस्ती १,१९,७९९, त्यांत मूल होण्याच्या वयाच्या विवाहित स्त्रिया २०,७५५. दर दुसऱ्या महिन्याला त्यांच्या घरी खेप व्हावयाची. या काळात ८,१८१ जिवंत बालके जन्मली. जन्मानंतर बहात्तर तासांच्या आत वजन आणि लांबी. मग पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी, थेट पौगंडावस्थेपर्यंत. फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्यांच्या त्या वसाहतीत, दिल्लीच्या मे महिन्यात, वजनकाटा घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्या आरोग्यसेविकांची नावे कोणत्याही लेखात सापडत नाहीत. मला त्या माझ्या वडिलांच्या जातीच्या वाटतात. फूटपट्टी सरळ आहे की नाही हे दोनदा पाहणाऱ्या.

आमचे बिऱ्हाड त्या बारा चौरस किलोमीटरांत नव्हते, आणि माझा जन्मही थोडा आधीचा, साताऱ्याचा. परंतु असतो, तरी टिकलो नसतो. कारण ती मुले सव्वीस ते बत्तीस वर्षांची झाल्यावर त्यांचे रक्त तपासले गेले, तेव्हा ८,१८१ पैकी १,४९२ जणांचीच तपासणी होऊ शकली. पाचांत पुरता एकही नाही. काही दगावली असतील, काहींनी घर बदलले, काहींच्या बापांची बदली झाली. आमच्या शास्त्रात अशांना ‘पाठपुराव्यात हरवलेले’ म्हणतात. हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला, पण ट्रंकांवर नावे रंगविणारे माझे वडील त्यात बसतात हे कधी सुचले नव्हते. आपण बदलीची माणसे म्हणजे साऱ्या देशाच्या नोंदवह्यांतून अशीच अधूनमधून गळणारी. गळण्याला नेम नसता तर फारसे बिघडले नसते. पण गेलेले आणि राहिलेले बहुधा सारखे नसतात. ज्याचे घर भाड्याचे तो जातो, ज्याचे मालकीचे तो राहतो, आणि दोघांची मुले एकाच रीतीने वाढत नाहीत. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ साली या गळतीचे प्रकार नीट वेगळे करून दाखविले. तेव्हापासून रिकामा रकाना हीसुद्धा एक नोंद आहे असे आम्ही शिकलो. लियांग-झेगर यांची रीत तिच्या मूळ रूपात इथेच अडखळते. गळती निव्वळ योगायोगाची आहे असे ती धरून चालते. त्यावरचा एक उपाय असा की गेलेल्यांसारखी जी थोडी माणसे मागे राहिली आहेत, त्यांच्या शब्दाला अधिक वजन द्यायचे. मला या उपायात एक प्रकारचे सौजन्य दिसते.

त्या १,४९२ जणांचा निकाल २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला; लेखकांत दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ भार्गव आणि सचदेव, आणि इंग्लंडचे फॉल, ऑस्मंड, बार्कर हे होते. शेकडा ४.४ जणांना मधुमेह, आणि आणखी १०.८ जणांची साखर पचविण्याची शक्ती मंदावलेली. तीही ऐन तिशीत! मग त्यांच्या बालपणाच्या ओळी काढून पाहिल्या. ही मुले दोन वर्षांची होईपर्यंत उंचीच्या मानाने बारीक होती. बाळसे झडल्यावर मुलांचे अंग काही वर्षांनी पुन्हा भरू लागते. यांचे ते लौकर भरू लागले, आणि पुढे इतरांपेक्षा वेगाने भरतच राहिले. दोन ते बारा या वयांत उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एका प्रमाण-विचलनाने चढला, की विकार होण्या-न होण्याच्या शक्यतांचे गुणोत्तर १.३६ पट होई. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की बाराव्या वर्षी या मुलांपैकी एकही लठ्ठ या वर्गात मोडत नव्हते. कप्पे पाहणाऱ्याने त्या दिवशी प्रत्येकाच्या नावापुढे ‘सामान्य’ असाच शब्द लिहिला असता. धोका कोणत्याही एका रेघेत नव्हता. तो दोन रेघांमधल्या अंतरात होता.

योगायोग पाहा: जगातील मुलांची वाढ ज्या आलेखांवर मोजली जाते ते जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे मापदंड ज्या सहा देशांच्या मुलांवरून ठरले, त्यांत भारतातील मुले दक्षिण दिल्लीचीच होती. जन्मापासून दोन वर्षांत एकेका घरी एकवीस खेपा! जगाची पट्टीही इथली, आणि एकट्या पट्टीने भागत नाही हा पुरावाही इथलाच.

त्या रात्री मी आईला विचारले. ती आता चौऱ्याऐंशीची आहे आणि आमच्याकडे नोएडात असते. ‘मी लहानपणी कसा होतो गं?’ ती हसली. ‘काडीपैलवान! साताऱ्याला सगळे म्हणायचे, हा पोर हाती लागायचा नाही. दोन वर्षांचा झालास तरी मांडीवर घेतला तर वजन जाणवायचं नाही. मग दिल्लीला आलो. दूध योजनेच्या दोन बाटल्या यायच्या. सायीचं तूप कढवून तुझ्या भातावर घालायची मी. यांचा पगार तो केवढा! पण तुझ्या तुपात कधी काटछाट केली नाही. बघता बघता भरलास. पाडव्याला यांनी रेघ ओढली की मी आधी ती बघायची.’

मी काही बोललो नाही. त्या १,४९२ जणांच्या ओळी आणि आईचे हे बोलणे शब्दशः एकच होते. फरक इतकाच की तिकडे ज्याला धोक्याचा चढ म्हटले आहे, तो तिच्या आयुष्यातील एक मोठा विजय होता. शास्त्राला त्या विजयाविषयी फारसे काही म्हणायचे नाही. १.३६ हे गुणोत्तर हजारोंच्या गर्दीविषयी बोलते. सरोजिनीनगरातील एका स्वयंपाकघरात तूप वाढले नसते तर काय झाले असते, हे त्याला विचारणे म्हणजे पुन्हा मंत्रालयाचे उत्तर आईला देणे होय. जो मुलगा हाती लागायचा नाही असे गाव म्हणत होता, तो हाती लागला. साठीच्या उंबरठ्यावर त्याचे रक्त गोड निघाले. या दोन वाक्यांमध्ये ‘म्हणून’ हा शब्द घालण्याचा अधिकार कोणत्याही कोष्टकाने मला दिलेला नाही, आणि दिला असता तरी मी तो वापरला नसता.

मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची तपासणी करून आलो. आई ओट्याशी स्टुलावर बसून वरणाला फोडणी देत होती. कढईवरून मान न काढता तिने विचारले, ‘किती आली रे या खेपेला?’

मी आकडा सांगितला.

‘आणि मागच्या खेपेला किती होती?’

अकरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ‘बघून सांगतो,’ असे म्हणून मी जुनी पुस्तिका शोधावयास कपाटाकडे गेलो.